सगळ्यांत जाड पाकीट

१८ फेब्रुवारी

ही वही लेकीची, भूगोलाची. पहिली सात पानं नद्यांनी भरलीत, पुढची सगळी कोरी. वाया घालवायची नाहीत म्हणून घेतली, असं लेकीला सांगितलं. खरं कारण असं की घरात ओरडायची सोय नाही. भिंतीच्या पलीकडे शेजारी आणि अलीकडे आमचे हे.

आज नणंदबाईंना घेऊन विमा कचेरीत गेले. आम्ही दोघी एकाच धुलाई कारखान्यात, एकाच इस्त्रीच्या रोलरवर. सहा वर्षं आमची जोडी. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. ताणायची, सरळ करायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायची. मिनिटाला चार चादरी, दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या. नऊ जानेवारीला चादरीबरोबर तिचा उजवा हात आत गेला. मी लाल बटण दाबलं, पण रोलर थांबायला वेळ घेतो. बोटं राहिली, पण तीन वळत नाहीत.

खिडकीतल्या बाईनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पगार : नऊ हजार.

मी म्हटलं, "चुकलंय तुमचं. याच्या दुप्पट मिळतो तिला."

"आम्ही नाही चुकलो. तुमच्या मालकानं हेच कळवलंय. सहा वर्षांत एकदाही नऊच्या वर गेलेलं नाही. नक्की किती मिळत होते?"

नणंदेनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दुप्पट धरा."

चोवीस मार्चला विमा मंडळापुढे सुनावणी आहे. तिची दरमहाची भरपाई तिथे ठरणार, ती मरेपर्यंतची. पगाराच्या शंभरातले तीस. नऊ हजारांवर बसवली तर सत्तावीसशे. सत्तावीसशेत तिच्या खोलीचं भाडंही निघत नाही. नवरा सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली, म्हणजे दुसरं कुणी आणून देणारं नाही.

परत येताना ती बसमध्ये डाव्या हातानं तिकीट काढत होती. मी काढते म्हटलं तर म्हणाली, "राहू दे वहिनी, सवय करायला हवी." मला त्या बसमधून उडी मारावीशी वाटली.

१९ फेब्रुवारी

लिहायचंच आहे तर खरं लिहिते. तिला पाकीट घ्यायला मी लावलं.

अकरा वर्षांपूर्वी मालकानं मला केबिनमध्ये बोलावलं होतं. "ताई, तुम्ही कामाच्या आहात. सगळा पगार कागदावर आणला तर म्हातारपणच्या फंडात शंभराला दहा कापले जातील. कमीत कमी जेवढा लिहावाच लागतो तेवढा कागदावर ठेवू, वरचे पाकिटात. पण कुणाला बोलू नका, तुमचं पाकीट सगळ्यांत जाड आहे." मी फुगून बाहेर आले. दरमहा हजारभर वाचायला लागले, त्यात हप्त्यावर फ्रिज आला. म्हातारपणीच्या पैशांचा विचार तेव्हा कोण करतं? चाळिशीत माणसाला म्हातारं व्हायचंच नसतं.

नणंद कामाला लागली तेव्हा म्हणाली होती, "मला सगळं कागदावरच हवं." मी तिला वेड्यात काढलं. वर तिचं अक्षर किरटं, म्हणून ते पत्रही मीच लिहिलं : 'माझा पगार नऊ हजार असून तो मला मान्य आहे.' तिनं फक्त खाली सही केली. पत्र मालकाच्या कपाटात आहे.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. बहीण त्यांची आहे.

२१ फेब्रुवारी

मालकाकडे गेले. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नणंदेची चौकशी केली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ते खोटं नव्हतं.

मग म्हणाला, "ताई, हॉटेलवाला चार वर्षं त्याच भावात चादरी धुऊन घेतोय. पलीकडच्या गल्लीतला धुलाईवाला पगार लपवतो आणि तेवढा भाव उतरवतो. मी एकट्यानं खरं लिहिलं तर माझं काम त्याच्याकडे जाईल आणि तुम्ही चौदा जणी घरी बसाल. मला काय हौस आहे का?"

मी म्हटलं, "तो लपवतो म्हणून तुम्ही, तुम्ही लपवता म्हणून तो. हात मात्र नणंदेचा गेला."

त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. खिशातून तीस हजार देतो, नणंदेनं एवढी सही करावी की नऊ हजार बरोबर आहेत. क्षणभर वाटलं, घ्यावेत. खोटं कशाला बोलू? तीस हजार मी कधी एका जागी बघितलेले नाहीत. मग मनात भागाकार केला. तिच्या हक्काच्या पैशांपुढे ते वर्षभरसुद्धा पुरत नाहीत, आणि ती पंचेचाळीसची आहे.

उठले. चहा प्यायले नाही. आता वाटतंय प्यायला हवा होता, तो तरी कुठे कागदावर लिहिणार होता.

आमच्या पाकिटांवर मालकानं भरायचा वाटा, शंभराला पंधरा, तो वाचवतो. चौदा जणींचे मिळून महिन्याला वीसेक हजार होतात. त्याच्या नव्या गाडीचा हप्ता आमच्या म्हातारपणातून जातो.

२४ फेब्रुवारी

पगाराचा दाखला आणायला चष्म्याकडे गेले. चष्मा म्हणजे आमचा हिशेबनीस. वीस वर्षांत त्याला मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलेलं नाही. मालक म्हणेल ते लिहायचं, मान खाली घालून. मला असली माणसं बघवत नाहीत.

त्यानं दाखला दिला तो असा वेंधळेपणानं, की खाली आणखी एक कागद चिकटून आला. जिन्यात बघितलं तर जानेवारीची यादी, सगळ्यांची नावं आणि पुढे दोन-दोन रकाने. पुढचं वाचलं नाही. दुसऱ्यांचे पगार वाचायची आपल्याला सवय नाही. तशीच मागे फिरले आणि त्याच्या टेबलावर कागद आपटला. "अहो, सांभाळा की जरा. उद्या कुणाच्या हाती लागला म्हणजे?"

चष्मा माझ्याकडे नुसता बघत राहिला. लाजला असावा.

२७ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून कामगार कचेरीत गेले. निरीक्षकबाई माझ्याच वयाच्या, टेबलावर फायलींचा ढिगारा आणि वर डबा.

म्हणाल्या, "तुमच्या मालकाला दोन वर्षांपूर्वी दंड केला होता. पाच हजार. हसत भरला त्यानं."

"हसणारच! महिन्याला वीस हजार वाचतात, एकदा पाच द्यायला काय जातंय? लुगडं पाचशेला असतं आणि चोरी पकडल्यावर शंभरच द्यायचे असते, तर मीही दुकानातून उचलूनच आणलं असतं."

बाई हसल्या. मग डबा बाजूला सारून नीट सांगायला लागल्या. दंडानं कुणी सुधारत नाही. मागचं सगळं लपवलेलं व्याजासह वसूल झालं तर मात्र दुखतं. त्याहून जास्त दुखतं ते काम देणाऱ्याला पत्र गेलं की. दवाखान्याला कळवायचं, तुमच्या धुलाईवाल्यानं पगार लपवला तर फरक तुमच्याकडून घेऊ. मग दवाखानाच दर महिन्याला पगारपत्रक मागतो, आणि लपवणाऱ्याला स्वस्त भाव देऊन काम पळवता येत नाही.

"मग लिहा ना पत्र."

"पुरावा द्या, आज लिहिते. तुम्ही नात्यातल्या, तुमची एकटीची साक्ष चालायची नाही. आणखी चौघी आणा." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पाकिटं कधी एकमेकींना दाखवलीत?"

मी म्हटलं, "छे! असं कुणी दाखवतं का?"

२ मार्च

चौघी सोडा, एक मिळेना. चौदातल्या सगळ्यांना विचारलं. मावशी, जी आमच्यात सगळ्यांत जुनी, तिला ऐकू कमी येतं, पण आज अजिबातच येईना. ताडासारखी म्हणून जिला आम्ही उंची म्हणतो, तिनं मिठाची गुळणी धरली. एरवी दिवसभर शीळ घालणारी शिट्टी म्हणाली, "ताई, माझं जरा वेगळं आहे. मालकानं मला म्हणून काही केलंय. मी बोलले तर ते जाईल."

घरी आले तर हे बोलले. क्वचितच बोलतात आणि बोलले की टोचतं. "बहिणीचा हात गेला. आता बायकोची नोकरी घालवू नकोस."

"मग बहिणीला काय सांगू?"

"तिनं काही मागितलंय का तुझ्याकडे?"

नाही मागितलं. तेच तर सहन होत नाही. ती माझ्याशी इतकी चांगली वागतेय की नक्कीच मनातून रागावलेली असणार.

७ मार्च

आज पगार. दुपारी चष्मा पाकिटं देऊन गेला. रीत अशी की पाकीट घ्यायचं, न मोजता पोलक्यात घालायचं आणि दुसरीकडे बघायचं. अकरा वर्षं मीही तेच केलं. आज काय अंगात आलं कोण जाणे. घड्या घालायच्या मोठ्या टेबलावर चढले नाही एवढंच. पाकीट सगळ्यांसमोर फाडलं आणि दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर एकेक नोट टाकत मोठ्यानं मोजलं. साडेनऊ हजार.

"हे माझं. कागदावर नऊ, पाकिटात साडेनऊ. सगळ्यांत जाड आहे म्हणे. कुणाचं याहून कमी असेल तर मला शिव्या द्या."

कुणी हलेना. मग शिट्टी पुढे आली, तोंड वाकडं करून. "तुमचं सगळ्यांत जाड? मला मालक म्हणाला, माझं सगळ्यांत जाड आहे." तिनं फाडलं. आठ हजार.

मावशीला आता स्वच्छ ऐकू येत होतं. "मेल्यानं मलाही तेच सांगितलंय!" तिचं सात. बावीस वर्षं काम करून सात. मग पाकिटं फाटायला लागली. टेबलावर नोटांचे चौदा ढीग नि चौदा बायका, प्रत्येकीला एकटीलाच गाठून तेच वाक्य सांगितलेलं. आधी शिव्या झाल्या. मग उंचीला हसू फुटलं, आणि सगळ्याच पोट धरून हसलो.

चौघी साक्षीला हव्या होत्या, आता अकरा येतायत. तिघी नाही म्हणाल्या. त्यांची पोरं लहान आहेत, मी काही म्हटलं नाही.

माझं पाकीट मात्र सगळ्यांत जाड ठरलं. चौदांत पहिली. लिहायला नको, पण बरं वाटलं.

८ मार्च

सकाळीच नणंदेकडे धावले, सगळं सांगायला. रंगवून सांगितलं. ती हसली, मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "वहिनी, तिथे खरा आकडा सांगावा लागेल, म्हणून आता सांगते. माझं पाकीट अकराचं होतं."

म्हणजे हिचा पगार वीस आणि माझा साडेअठरा! जिला मी कामावर लावलं, चादर ताणायला शिकवलं, तिला माझ्याहून दीड हजार जास्त. म्हटलं, "कसं काय?"

"मी मागितले. दोन वर्षांनी गेले आणि म्हटलं, वाढवा. त्यानं वाढवले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

वाटलंच. खूप वाटलं. मी मागणाऱ्यांतली नाही, असा मला अभिमान होता. अकरा वर्षं तो अभिमान महिन्याला दीड हजारांना पडला. हिला कसली लाज म्हणून नाही, आणि माझी दया येते! दोन तास मी तिच्याशी धड बोलले नाही. तिनं डाव्या हातानं चहा केला, सांडला, पुसला. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. चार वर्षं ती माझं मन राखून होती आणि मी तिचा राग शोधत होते.

तेव्हाच पत्राचं बोलले. "मीच लिहिलं होतं ते. मीच तुला भरीस पाडलं."

ती म्हणाली, "सही माझी होती." आणि विषय बदलला.

११ मार्च

मला रोलरवरून काढून ओल्या विभागात टाकलं. भिजलेल्या चादरींच्या गाड्या ओढायच्या. पाय दिवसभर पाण्यात. मालक दारात येऊन म्हणाला, "ताई, अजून वेळ गेलेली नाही. ते पत्र तुमच्या हातचं आहे, माझा वकील ते वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर बरं दिसेल का?"

बरं दिसणार नव्हतंच. तरी म्हटलं, "माझं अक्षर चांगलं आहे. वाचायला त्रास पडायचा नाही."

दुपारी चष्म्यानं कहर केला. आपली लाल वही, ज्यात तो पाकिटांचं लिहितो, ती आमच्या ओल्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेला तो वीस मिनिटं आलाच नाही. वरून पाणी गळतंय, वही भिजायची! मी प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळली आणि आल्यावर त्याच्या हातात दिली. "तुमचं लक्ष असतं कुठे?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "सुनावणी किती वाजता आहे?"

"अकराला. तुम्हाला काय करायचंय?"

१७ मार्च

पाय सुजलेत. आज ह्यांनी गरम पाणी आणून दिलं. मी न विचारता म्हणाले, "चोवीसला मी रजा टाकलीय." मग मीही त्या पत्राचं सांगून टाकलं. त्यांनी घमेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. शेवटी म्हणाले, "तिथेही असंच सांग."

२४ मार्च

सुनावणीची खोली छोटी, खुर्च्या दहा, आम्ही अकरा जणी, नणंद आणि हे. अर्ध्या जणी दारात उभ्या. समोर मंडळाचे तिघं, मधल्या बाई अध्यक्ष. निरीक्षकबाई कोपऱ्यात.

मालकाच्या वकिलानं पहिल्याच फटक्यात पत्र काढलं. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं. द्या इकडे, मीच वाचते." वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग म्हटलं, "हे मी लिहिलं आणि हे खोटं आहे. तिला सगळा पगार कागदावर हवा होता, मी तिला वेड्यात काढलं. मालकानं मला सांगितलं ते मला पटलं, मी ते तिला पटवलं. त्याचा फायदा रोजचा होता आणि आमचा तोटा एका दिवशी झाला, नऊ जानेवारीला. मला जी शिक्षा करायची ती करा. पण तिचा हात नऊ हजारांचा नव्हता."

आवाज शेवटी फाटला. फाटू दे.

वकील म्हणाला, नातेवाईक बाईवर विश्वास कसा ठेवायचा? अध्यक्षबाईंनी माझा खरा पगार विचारला. साडेअठरा. मग शिट्टी, सतरा. मावशी, सोळा, वर मालकाला दोन शब्द, ते लिहून घेतले नाहीत. उंची, साडेसतरा. एकेक आकडा मोठ्यानं. मालक दाराच्या चौकटीकडे बघत बसला होता. शेवटी नणंद उभी राहिली आणि म्हणाली, वीस.

"याला लेखी आधार?" वकिलानं विचारलं.

तेवढ्यात दारातल्या बायका बाजूला झाल्या आणि चष्मा आत आला. घामानं भिजलेला, बगलेत लाल वही. त्यानं ती टेबलावर ठेवली. "दोन्ही पत्रकं मीच लिहितो. आठ वर्षांचं यात आहे."

मालक अर्धवट उठला. "तुला कळतंय का तू काय करतोयस?"

"हो," चष्मा म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत गेला.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "आधीच का दिली नाही वही?"

"दिली होती. या ताईंना दोनदा दिली, आधी यादी, मग वही. त्यांनी दोनदा परत केली."

सगळी खोली माझ्याकडे वळली. आमच्या ह्यांनी तोंडावर रुमाल धरला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्या माणसाला घाबरट समजत होते, आणि तो महिनाभर माझ्या हातात पुरावा कोंबत होता!

निकाल नंतर देणार आहेत. बाहेर आल्यावर चष्म्याला म्हटलं, "नोकरी गेली तुमची."

"गेलीच," तो म्हणाला. "तुमच्या पायांचं कसं आहे?"

मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत.

३ एप्रिल

निकालाचा कागद घ्यायला मी, नणंद आणि हे गेलो होतो.

मालकानं सगळ्यांचं मागचं लपवलेलं व्याजासह भरायचं. आमच्या वाट्याचे दहाही त्यानंच, कारण त्यानं ते कापले नाहीत. दवाखान्याला पत्र गेलंय. आणि यापुढे प्रत्येकीच्या नावापुढे नोंदलेला पगार रोलरच्या खोलीत भिंतीवर लावायचा, दर महिन्याला. ही सूचना निरीक्षकबाईंची. उद्यापासून हातात कमी येणार, म्हणून दोघी-तिघी माझ्यावर खवळल्यात. खवळू देत. फ्रिजचे हप्ते मीही फेडलेत, मला कळतं. चष्मा निरीक्षकबाईंनी सांगितलेल्या एका सूतगिरणीत उद्या मुलाखतीला जातोय. मी अजून ओल्या विभागातच आहे आणि तक्रार दिलीय.

बसमध्ये खिडकीशी नणंद, शेजारी मी. तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला. "वाच ना, वहिनी. मला बारीक दिसत नाही." तिला चांगलं दिसतं. तरी वाचलं. नाव. मग : मासिक वेतन वीस हजार निश्चित करण्यात येत असून, दरमहा सहा हजार, तहहयात.

ह्यांनी पुढच्या सीटवरून मान वळवली. "हळू. लोक बघतायत."

वीस हजार. माझ्यापेक्षा दीड हजार जास्त. मी उभी राहिले, दांडी धरली, आणि तो आकडा ड्रायव्हरपर्यंत जाईल असा पुन्हा पहिल्यापासून वाचला.